तीन नंबरचा झटका आणि दौंडचे मिस्त्री

बंद पडलेल्या मशिनपाशी आले की मिस्त्री आधी दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचे. टूलबॉक्स खाली ठेवलेली, तिचं झाकण बंद, आणि हा माणूस मशिनकडे बघत नुसता उभा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. इकडे माल चढवायच्या डॉकवर कंटेनर लागलेला असायचा, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचा आणि माझा फोन थांबायचं नाव घेत नसायचा. मी वैतागून म्हणायचो, "मिस्त्री, हात लावा की आता." ते मान न वळवता म्हणायचे, "लावतो की साहेब. पण एकदा हात लावला की मशीन जसं हाय तसं ऱ्हात न्हाई. जरा बघून घिऊ द्या."

मी तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत डिस्पॅचचा सुपरवायझर होतो. घर शिरूरला, येणं-जाणं कंपनीच्या बसनं. मिस्त्री आमच्या कंपनीचे नव्हते. माल उचलून नेणाऱ्या आमच्या फोर्कलिफ्ट मशिनींची देखभाल एका एजन्सीकडे होती आणि त्या एजन्सीचा या भागातला माणूस म्हणजे मिस्त्री. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस होते. मुलाला मात्र रेल्वेनं घेतलं नाही. दौंडहून न्हावऱ्यामार्गे, उसाच्या ट्रॉल्या चुकवत, रोज मोटरसायकलवर यायचे. दुरुस्तीची नोंद करायच्या जॉब कार्डावर त्यांचं पूर्ण नाव असायचं, पण ते घेऊन कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. आम्ही मिस्त्री म्हणायचो, ऑपरेटर लोक मामा म्हणायचे. स्वतः ते मात्र झाडूवाल्यालासुद्धा अहोजाहो करायचे.

मशीन बिघडलं की आम्ही सगळे एकदम बोलायला लागायचो. बॅटरी गेली असेल, मोटर गरम झाली असेल, कार्ड उडालं असेल. मिस्त्री हात वर करून थांबवायचे. "काय झालं ते मला सांगू नका. कवा झालं तेवढं सांगा." सकाळी की दुपारी, भरलेलं असताना की रिकामं, वळताना की सरळ, कोण चालवत होतं, त्याच्या आधी काय केलं होतं. पोलीस पाटलासारखे एकेकाला विचारत बसायचे. मला त्याचा फार राग यायचा. कारण बहुतेक वेळा त्यांच्या प्रश्नांना आमच्याकडे उत्तरच नसायचं.

आणखी एका गोष्टीवरून आमचे खटके उडायचे. एखादं मशीन अडलं, मिस्त्रींना बोलावलं आणि ते येईपर्यंत मशीन चालायला लागलं, की मी म्हणायचो, "जाऊ द्या मिस्त्री, झालं आपोआप नीट." यावर त्यांचा चेहरा पडायचा. "आपोआप नीट झालं म्हंजी अजून बिघडलेलंच हाय साहेब. फक्त ते आपल्याला दिसंना झालंय." मग ते दोन-दोन तास त्या धडधाकट मशिनभोवती घोटाळत राहायचे.

तीन नंबरच्या मशिननं मात्र त्यांनाही दोनदा फसवलं.

तीन नंबर हे आमच्याकडचं जुनं, बॅटरीवर चालणारं फोर्कलिफ्ट. पहिल्या शिफ्टला ते वैशाली चालवायची. न्हावऱ्याजवळच्या वस्तीवरची, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. लग्नानंतर लायसन्स काढून कामाला लागलेली. आमच्या प्लँटमधली ती एकटीच बाई ऑपरेटर. अंगानं लहानखुरी, पण हात इतका साफ की काचेचा माल असला की मीच तिला पुढे करायचो. पावसाळा संपता संपता तिनं तक्रारवहीत लिहिलं, 'गाडी मधूनच झटका मारते. पेडल पूर्ण दाबलेले नसताना जोरात जाते.' दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टचे ऑपरेटर तेच मशीन चालवायचे, त्यांना काही जाणवत नव्हतं. मिस्त्री आले, खिशात हात घालून उभे राहिले, तपासलं, चालवून बघितलं. काहीच सापडलं नाही. पंधरा दिवसांनी तिनं पुन्हा लिहिलं. मिस्त्री पुन्हा आले, पुन्हा तेच. जाताना म्हणाले, "साहेब, पोरगी खोटं बोलंल असं वाटत न्हाई. पुन्हा झटका बसला तर मशीन हाय तिथंच सोडा, हलवू नका आन् मला फोन करा."

तिसऱ्यांदा तिनं लिहिलं तेव्हा महिनाअखेर होती आणि डॉकवर गाड्यांची रांग होती. मी मिस्त्रींना फोन केला नाही. तिच्या तक्रारीखाली लाल पेननं शेरा मारला, 'ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग द्यावे.' आणि मशीन चालूच ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी, शिफ्ट सुटायला अर्धा तास असताना, ते घडलं. वैशाली खोक्यांनी भरलेलं लाकडी पॅलेट डॉकजवळच्या खांबापाशी लावत होती. सणसवाडीला खोली करून राहणारा रामनरेश नावाचा आमचा लोडर खाली वाकून लाकडी ठोकळा सरकवत होता. मशीन मुंगीच्या पावलांनी येत होतं. आणि एकदम मशिननं उडी मारली. मी वीस फुटांवर होतो. आधी मोटरचा आवाज ऐकला, मग लाकूड मोडल्याचा, आणि मग रामनरेशचा. त्याचा उजवा पाय पॅलेट आणि खांबाच्या मध्ये सापडला होता. वैशालीनं त्याच क्षणी पाय उचलला होता, मशीन थांबलंही होतं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दवाखान्यात त्याची तीन बोटं काढावी लागली आणि घोट्याच्या हाडात सळई घातली.

वैशाली मशिनवरून उतरली ती जमिनीवरच बसली. "मी दाबलं न्हाई ओ सर. शपथ घिऊन सांगते, मी पेडल दाबलं न्हाई," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तिला त्याच दिवशी निलंबित केलं. शुक्रवारी सकाळी चौकशी ठरली. माझ्याकडून लेखी जबाब घेतला. मी लिहून दिलं की मशीन दोनदा तपासलेलं आहे, दोष आढळलेला नाही, इतर कुणाचीही तक्रार नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण तिसऱ्या तक्रारीबद्दल मी अवाक्षर लिहिलं नव्हतं. चौकशीच्या आधी एजन्सीचा कागद जोडायचा म्हणून गुरुवारी मिस्त्रींना बोलावलं. काम सोपं होतं. मशीन व्यवस्थित आहे असं लिहून सही करायची.

सकाळी आठला मिस्त्री आले. चार्जिंगच्या जागेजवळ तांबड्या पट्टीच्या आत तीन नंबर उभं होतं. त्यांनी मला एकच विचारलं, "तिसऱ्यांदा झटका बसला तवा मला फोन का न्हाई केला?"

मी सहीचा कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. हात खिशात घातले आणि उभे राहिले.

त्या दिवशी ते किती वेळ उभे होते कोण जाणे. प्लँट हेड साहेब राउंडला आले आणि त्यांना बघून माझ्यावरच चढले. "हे काय चाललंय? यांना सही करायला बोलावलंय ना?"

मिस्त्री म्हणाले, "सही करतो साहेब. पण आज दिवसभर मशीन माझ्या ताब्यात द्या. संध्याकाळपर्यंत सापडलं न्हाई, तर तुमी म्हणाल तिथं सही."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "साडेपाच. त्याच्या पुढे एक मिनिट नाही."

मिस्त्रींनी मशीन पुढून उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं, म्हणजे पुढची चाकं हवेत फिरतील आणि मशीन जागचं हलणार नाही. मग पेडलखाली लाकडाची एक पाचर घट्ट बसवली. आता कितीही जोर लावला तरी पेडल बोटभरापेक्षा खाली जाणार नव्हतं. मला म्हणाले, "तुमी सोता दाबून बघा." मी दोन्ही पायांनी दाबलं. चाकं रहाटासारखी सावकाश फिरत राहिली, वेग वाढेना. "हे ध्यानात ठेवा. ह्या वेगाच्या वर चाक पळालं, तर ते पायानं पळालं न्हाई."

मग सुरू झालं. त्यांनी वायरिंग हलवून बघितलं. मशीन गरम होईपर्यंत चालवलं. पेडलवर पाणी शिंपडलं. चार्जिंग पूर्ण असताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळी मीटर लावला. एकामागून एक तीन ऑपरेटर बसवले. चाकं आपली एका संथ लयीत फिरत राहिली. जेवणाची सुट्टी झाली तरी ते उठले नाहीत. दोन वाजले, तीन वाजले. बघायला जमलेली माणसं कंटाळून निघून गेली. मलाही मनातून वाटायला लागलं की संपलं आता, आणि खरं सांगायचं तर त्यात सुटकाही होती. मशीन निर्दोष निघालं असतं तर माझा शेरा बरोबर ठरणार होता.

साडेतीनला मिस्त्री हात पुसत माझ्याकडे आले. "साहेब, तिला बोलवा."

"कुणाला? वैशालीला? ती सस्पेंड आहे. गेटच्या आत येता येत नाही तिला."

"मशीन तिच्यासंगंच वाकडं वागतंय. मग तिच्याबिगर कसं सापडंल?"

"साहेब परवानगी देणार नाहीत."

"साहेबांना कशाला विचारता? गेटपास तुमच्या सहीवर निघतो. मला ठावं हाय."

मी तिथेच उभा राहिलो. गेटपास खरंच माझ्या सहीवर निघायचा. मिस्त्री माझ्याकडे बघत होते, पण त्यांच्या नजरेत दटावणी नव्हती. मशिनकडे बघायचे तसेच बघत होते. मी ऑफिसात गेलो, पास लिहिला आणि वैशालीला फोन लावला.

ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर आली तेव्हा पावणेपाच झाले होते. दोन दिवसांत चेहरा उतरून गेला होता. तीन नंबरकडे बघितलं आणि तिची पावलं अडखळली. "मामा, मी न्हाई बसणार त्याच्यावर."

"चाकं हवेत हायती, पोरी. कुनाला लागायचं न्हाई. आन् मी हितं खालीच बसलोय." असं म्हणून ते मशिनशेजारी फरशीवर मांडी घालून बसले, पेडलपासून हातभर अंतरावर. "तू रोज बसतीस तशी बस. इतर कुनी बसल्यागत न्हाई. तुझ्या सवयीनं."

ती चढली. सीट पूर्ण पुढे सरकवली. मग एक खटका दाबून स्टिअरिंगचा खांब आपल्याकडे ओढून घेतला. दिवसभर जे तिघं बसले होते ते उंचेपुरे. त्यांनी खांब पुढे ढकलून ठेवला होता. मिस्त्रींनी ते पाहून ठेवलं. तिनं पेडलवर पाय ठेवला. चाकं सावकाश फिरू लागली. पाच मिनिटं गेली. काहीच नाही. तेवढ्यात प्लँट हेड साहेब आले, आणि तिला मशिनवर बघून जागीच थबकले. 

"हिला आत कुणी घेतलं?"

"मी घेतलं, सर," मी म्हणालो. 

मिस्त्री खालूनच म्हणाले, "साडेपाच वाजले न्हाईत अजून साहेब." आणि वैशालीला विचारलं, "झटका कवा बसायचा? नीट आठवून सांग."

"पॅलेट लावायला जवळ गेले का मग. लांब असताना कवाच न्हाई."

"जवळ गेलीस म्हंजी काय करतीस?"

"काय न्हाई मामा. म्होरचं दिसत न्हाई ना मला, खोकी आडवी येत्यात. म्हणून जरा स्टिअरिंगला धरून वर होते, वाकून बघते."

मिस्त्री ताडकन उठले. रिकामी खोकी आणून त्यांनी पुढच्या लोखंडी फाळांवर तिच्या डोळ्यांच्या वर जातील इतकी रचली. सगळ्यांना पिवळ्या रेघेच्या मागे उभं केलं आणि स्वतः पुन्हा खाली बसले. "आता खांबापाशी पॅलेट लावायचंय असं समज. बघ वाकून."

वैशालीनं स्टिअरिंग घट्ट धरलं, सीटवरून थोडी उठली आणि खोक्यांच्या बाजूनं डोकावली.

चाकं गरजली. दुसरा शब्द सुचत नाही. त्या संथ फिरण्यातून एका क्षणात ती पूर्ण वेगात गेली, सबंध मशीन ठोकळ्यांवर थरथरायला लागलं, वरची खोकी धडाधड कोसळली. वैशाली किंचाळली.

"पाय काढू नकोस!" मिस्त्री ओरडले. त्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "साहेब, या हिकडं! पाचर बघा! पाय बघा तिचा!"

प्लँट हेड साहेब वाकले. मीही वाकलो. पाचर जागच्या जागी होती. तिचा पाय पेडलवर जेमतेम टेकलेला होता. आणि चाकं पिसाटासारखी फिरत होती. मग तिनं स्टिअरिंग सोडलं, मागे टेकून बसली, आणि चाकं पुन्हा संथ झाली, जसं काही झालंच नव्हतं.

वैशाली खाली उतरली आणि मशिनला डोकं टेकून रडायला लागली. साहेबांनी पाचर एकदा हातानं हलवून बघितली. मग म्हणाले, "कारण शोधा," आणि तिथेच उभे राहिले.

मिस्त्रींनी स्टिअरिंगच्या खांबाचं आवरण काढलं, टॉर्च लावून आत बघितलं आणि ते थांबले. हात आतच राहिला. मला वाटलं काहीतरी चावलं. त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि मग मला जवळ बोलावलं. पेडलकडे जाणारी वायर प्लॅस्टिकच्या पट्टीनं स्टिअरिंगच्या खांबाला बांधलेली होती. खांब पुढे असला की ती वायर सैल असायची. खांब जवळ ओढला की ताणायची, आणि त्यावर कुणी भार दिला की आणखी ताणायची. रोजच्या त्या ताणानं तिच्या आतल्या तारा एकेक करून तुटत आल्या होत्या. उरलेल्या दोन-चार तारा सुटल्या की मशिनला वाटायचं, पेडल पूर्ण दाबलंय. ताण गेला की त्या पुन्हा टेकायच्या, आणि पेडलवरचा पाय पूर्ण उचलला की वेगळ्या स्विचनं मशीन थांबायचं.

"कंपनीतनंच अशी आली का ही?" मी विचारलं.

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "ही पट्टी माझी हाय."

मला कळेना. ते हळू आवाजात सांगू लागले. मागच्या वर्षी हॉर्नचं काम करताना वायर पायात येते म्हणून त्यांनीच ती खांबाला बांधली होती. पट्टीचं कापलेलं टोक कुणाच्या हाताला लागू नये म्हणून ते आत वळवायचे. तसं ते वळवलेलं होतं. "दोनदा हितं येऊन गेलो. सगळं तपासलं. सोताचं काम तेवढं तपासलं न्हाई."

मी आजूबाजूला बघितलं. साहेब लांब फोनवर बोलत होते. मी म्हणालो, "मिस्त्री, वायर घासून तुटली एवढंच लिहा. वैशाली सुटते, बास. बाकी कुणाला काय कळतंय?"

"मग वायर कुनी बांधली म्हणून लिहू साहेब? भुतानं?"

त्यांचं अक्षर गोल आणि सुबक होतं. जॉब कार्ड इंग्रजीत असलं तरी ते नेहमी मराठीत लिहायचे. त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं, 'पेडलची वायर स्टिअरिंगच्या खांबाला मी बांधली होती. खांब जवळ ओढल्यावर वायर ताणून आतून तुटली व मशीन आपोआप वेग घेते. मागील दोन भेटीत मला हा दोष सापडला नाही. ऑपरेटरची चूक नाही.' खाली सही. 

शुक्रवारी चौकशीत ते कार्ड वाचलं गेलं. वाचून झाल्यावर मी उठलो आणि तिसऱ्या तक्रारीबद्दल सांगितलं. शेरा माझा होता, मिस्त्रींना फोन करायचा निरोप असून मी तो केला नव्हता, हे सगळं. आदल्या संध्याकाळी मी ते कार्ड लिहिलं जाताना पाहिलं नसतं, तर उठलो असतो असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. वैशालीला परत कामावर घेतलं. मला मेमो मिळाला आणि डिस्पॅचमधून भंगाराच्या यार्डात टाकलं. एजन्सीनं मिस्त्रींना त्याच आठवड्यात काढलं. त्यांना आत घेऊ नये म्हणून एमआयडीसीतल्या सगळ्या गेटांवर त्यांचं नाव गेलं.

रामनरेशला बघायला मी महिनाभरानं गेलो. त्याच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या कुबड्या होत्या आणि कोपऱ्यात पेरूंची पिशवी. तो म्हणाला, "मिस्त्रीजी लाए हैं. हर इतवार आते हैं." पहिल्या रविवारी मिस्त्री आले आणि दारातच उभे राहून आपल्या दौंडी हिंदीत त्याला म्हणाले, "वायर मैने बांधी थी. गलती मेरी है." रामनरेश भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मिस्त्री तसेच परत गेले. दुसऱ्या रविवारी पुन्हा आले, पुन्हा तसंच झालं. "तीसरी बार हमने कहा, बैठिए," रामनरेश म्हणाला. "और का करते? आदमी इतनी दूर से आता है." मग मीही त्याला माझ्या वाटणीचं सांगितलं. तो ऐकत होता. मला मात्र त्यानं बस म्हटलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सणसवाडीत एका कारखान्याच्या गेटसमोर मला मिस्त्री दिसले. शिफ्ट सुटत होती. बाहेर पडणाऱ्या माणसांना अडवून ते काहीतरी विचारत होते. सिक्युरिटीवाला त्यांना दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेऊन सोडत होता आणि ते पुन्हा येत होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"मिस्त्री, हे काय?"

"ह्यांच्याकडं एक मशीन हाय साहेब. त्याची वायर बी मी तशीच बांधलीया." खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. जिथे जिथे त्यांनी तशी वायर बांधल्याचं आठवत होतं, त्या मशिनींची नावं त्यावर होती. अकरा मशिनी. शिरूरपासून कुरकुंभपर्यंत पसरलेल्या. "एजन्सीला सांगितलं. ते म्हनले, गप बस, आमचं नाव खराब होईल. आत कुनी घेत न्हाई मला. म्हणून गेटवर ऑपरेटरला गाठतो. पट्टी तेवढी कापा आन् वायर बदलून घ्या म्हनतो. चार झाल्या. सात ऱ्हायल्यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झोप लागत न्हाई ओ."

मी ओळखीच्या सुपरवायझरांना फोन लावायला सुरुवात केली. कुणी ऐकलं, कुणी टोलवलं. खरं काम वैशालीनं केलं. ऑपरेटर लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यावर तिनं आपल्या आवाजात सगळी हकिकत सांगितली आणि स्टिअरिंगचं आवरण उघडून कुठे बघायचं ते समजावलं. दोन दिवसांत फोटो यायला लागले. एकेका मशिनवर मिस्त्री काट मारत गेले. दहा झाल्या.

अकराव्या मशिनचा पत्ता लागेना. ते जुनं झालं म्हणून मालकानं विकलं होतं, घेणाऱ्यानं पुढे विकलं होतं. शेवटी कुणीतरी सांगितलं की दौंडकडच्या एका कांद्याच्या गोदामात तसलं मशीन दिसतं. त्या रविवारी सकाळी मी दौंडला गेलो आणि मिस्त्रींच्या मोटरसायकलवर आम्ही दोघं निघालो. 

गोदामाचं शटर उघडं होतं. ट्रक लागलेला. मशिनवर साठीकडे झुकलेला, बुटका ऑपरेटर बसला होता, आणि त्यानं खांब पोटापर्यंत ओढून घेतला होता. पुढे गोण्यांची थप्पी फाळांवर, त्यापुढे ट्रकच्या मागच्या उघड्या फाळक्यापाशी दोन बाया आणि एक हमाल. म्हातारा स्टिअरिंग धरून वाकून बघत होता आणि मशीन इंचाइंचानं पुढे चाललं होतं.

मिस्त्रींनी मोटरसायकल सोडून दिली. ती माझ्या पायावर पडली. "थांबा! ओ बाबा, पाय काढा! पाय काढा!" ओरडत ते धावले आणि सरळ मशीन आणि त्या माणसांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून. म्हाताऱ्यानं दचकून पाय काढला. मशीन त्यांच्यापासून दोन हातांवर थांबलं.

गोदामाचा मालक शिव्या देत आला. मी त्याला समजावत बाजूला घेतलं. मिस्त्रींनी तोवर आवरण उघडलं होतं. पट्टी तिथेच होती, टोक आत वळवलेलं. वायर ताणून पांढरी पडली होती. पट्टी त्यांनी पकडीनं कापली, जुनी वायर काढून खिशातून आणलेली नवी जोडली, सैल सोडली, आणि खांब पुढेमागे करून दहा-पंधरा वेळा तपासली. आवरण लावलं. मग ते एका गोणीवर बसले.

मिस्त्रींना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. शेवटची काही वर्षं ते दौंडमध्येच पाण्याच्या मोटरी दुरुस्त करत होते. फोर्कलिफ्टला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. आमच्या भेटी पुढेही झाल्या, पण मला ते आठवतात ते त्या गोदामात, कांद्याच्या गोणीवर घामाघूम होऊन बसलेले. तो म्हातारा ऑपरेटर मशिनवरून उतरून त्यांच्याजवळ आला. त्याला अजून काहीच उमगलं नव्हतं. तांब्या पुढे करत त्यानं विचारलं, "काय झालं व्हतं ओ गाडीला?"

मिस्त्री पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं.

"गाडीला काय न्हाई, बाबा. माझी एक चूक हितं ऱ्हायली व्हती. ती काढायला आलतो."

म्हाताऱ्यानं मान डोलावली, जणू रोज कुणीतरी याच कामासाठी येतं. मग तो मशिनवर चढला, खांब जवळ ओढला आणि वाकून पुढे बघत त्यानं गोण्या ट्रकमध्ये ठेवल्या.